वाळवंटातली शेजपाळी

दोहासारख्या ठिकाणी पाण्याच्या पाळीवरून एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं मी पाहिली आहेत. ती सगळी मराठी होती, शिकलेली होती आणि पगारदार होती. त्यांच्यातल्या एकाचंही पोट त्या पाण्यावर अवलंबून नव्हतं. माझं माहेर नाशिककडचं, बागायती गावातलं. पाटाच्या पाण्यावरून सख्ख्या भावांनी वर्षानुवर्षं अबोला धरलेला मी लहानपणापासून बघितला आहे, आणि तिथे त्या अबोल्याला निदान कारण असतं. पाणी गेलं तर वर्ष हातचं जातं. आमच्या इथे काय जाणार होतं? दोन जुड्या मेथी आणि चार मुळे, जे हायपरमार्केटमध्ये याहून चांगले मिळतात.

दोहाच्या उत्तरेला हायवेवरून बरंच पुढे गेलं की खजुरीच्या रांगांमध्ये काही मळे लागतात. त्यातल्या एका मळ्याचा मालक, वयस्कर कतारी गृहस्थ, हिवाळ्यापुरता जमिनीचा एक तुकडा बाहेरच्या कुटुंबांना हौसेसाठी देत असे. मळ्यावरचे गडी त्याला अरबाब म्हणायचे, म्हणून आम्हीही अरबाबच म्हणू लागलो. टाकीपासून कुंपणापर्यंत एका ओळीत आम्हा मराठी कुटुंबांचे वाफे होते. थंडी लागली की पेरायचं आणि ऊन तापलं की सोडून द्यायचं, एवढाच मामला. विहिरीचं पाणी मचूळ. नुसतं तेच दिलं तर जमिनीवर मिठाचं पांढरं फुटायचं, म्हणून अरबाब त्यात टँकरचं गोडं पाणी मिसळायचा. आठवडाभर गडी थोडं थोडं शिंपडून झाडं जगवायचे. पोटभर पाणी मात्र शुक्रवारी सकाळी, टाकी रिकामी होईपर्यंत.

टाकीला लागून पहिला वाफा साहेबांचा. साहेब म्हणजे मूळचे पुण्याचे, गॅस प्रकल्पात मोठ्या हुद्द्यावरचे इंजिनीअर. अल गराफाला व्हिला, दारात दोन गाड्या. सगळे त्यांना 'साहेब'च म्हणायचे आणि साहेबांना ते आवडायचं. पहिल्याच शुक्रवारी त्यांनी टाकीच्या नळाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि जलपूजन केलं. पाणी अरबाबचं, टाकी अरबाबची, टँकरही त्याचाच, पूजन मात्र साहेबांच्या हस्ते. अरबाब लांब खुर्चीवर बसून गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पीत बघत होता. त्याला वाटलं असावं की आमचा काही सण आहे. त्यालाही खोबऱ्याचा तुकडा दिला. त्याने तो खाल्ला आणि 'शुक्रन' म्हणाला.

"बघा," साहेब आमच्याकडे वळून म्हणाले, "लोकल सपोर्टही आहे."

खरं तर भांडणाला जागाच उरली नसती. अरबाबने सुरुवातीलाच सांगितलं होतं, माझ्या खजुरींना आहे तसं ठिबक तुमच्या वाफ्यांनाही टाकून देतो, सगळ्यांना सारखं पाणी मिळेल, तुम्ही नुसतं येऊन भाजी तोडा. आमच्या लोकांनी नको म्हटलं! ठिबकमध्ये मजा नाही म्हणे. पाट हवा, दारं धरायला हवीत, म्हणजे खोऱ्याने माती ओढून एक सरी बंद करायची आणि दुसरी उघडायची. पायाला चिखल लागायला हवा. मुलांना आपली मुळं कळायला हवीत. मुलं एसी लावून गाडीत मोबाइल बघत बसायची आणि अधूनमधून काच खाली करून "कॅन वी गो नाऊ?" एवढंच विचारायची. पण मुळांसाठी पाट निघाला. गावच्या घराला कुलूप लावून आलेली माणसं वाळूत पाट काढत होती आणि त्याचे फोटो ग्रुपवर टाकत होती. वाळूतला पाट निम्मं पाणी वाटेतच पितो, हे एवढ्या इंजिनीअरांपैकी एकालाही सुचलं नाही. किंवा सुचलं असेल, पण तसं बोलून मजा घालवायची कुणाला नव्हती.

मग पाळ्या ठरल्या. साहेबांनी पाणी वाटप समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं.

"आपल्याकडे कॅनॉलवर शेजपाळी असते," त्यांनी आम्हाला समजावलं. "टेल टू हेड. पाटाच्या शेपटाकडून सुरुवात करायची आणि डोक्याकडे यायचं. शेवटच्या माणसाला पहिलं पाणी. सोशल जस्टिस!"

टाळ्या झाल्या. मला माहेर आठवलं आणि पुढे काय होणार तेही कळलं. शेपटाला पहिलं पाणी बोलण्यात मिळतं. कोरड्या पाटातून ते शेपटापर्यंत पोचेस्तोवर वाटेतल्या प्रत्येकाच्या दाराला एक फट असते, आणि सगळ्यात रुंद फट अध्यक्षांच्या दाराला होती. ती मी स्वतः बघितली. बोट दाखवलं तेव्हा साहेब "नॅचरल सीपेज" असं काहीतरी म्हणाले.

बांध कोरायलाही वेळ लागला नाही. दुसरा वाफा आमच्याच नाशिककडच्या एका भाऊंचा. मुशैरिबच्या एका ऑफिसात ते अकाउंट्स बघायचे, पण घरची द्राक्षबाग असल्याचं दर चार वाक्यांनी सांगायचे. त्यांचा आणि साहेबांचा बांध एक. तो सुरुवातीला हातभर रुंद होता, मग वीतभर राहिला, आणि मग त्यावर पाऊल ठेवलं की आमची कोथिंबीर तुडवली म्हणून बोंब. दोघांनी दोन्हीकडून कोरला होता आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत होते. परक्या देशात, परक्याच्या जमिनीवर, उन्हाळ्यात सोडून जायच्या वाफ्यासाठी!

"तत्त्वाचा प्रश्नय वहिनी," भाऊ मला म्हणाले. "आज बांध कोरला, उद्या काय करतील ह्ये?"

उद्या काय करणार? मार्च संपला की सगळेच गाशा गुंडाळणार. पण भाऊंना ते सांगण्यात अर्थ नव्हता. ते मोजायला टेप घेऊन आले होते.

शेपटाचा वाफा सिस्टरचा होता आणि तिच्या शेजारचा आमचा. ती वसईची ख्रिश्चन, इथल्या एका हॉस्पिटलात कितीतरी वर्षं नर्स. अल सद्दला आमच्याच बिल्डिंगमध्ये एकटी राहायची. सगळे तिला सिस्टर म्हणायचे, मीसुद्धा. ती कमी बोलायची आणि त्यामुळे आमच्या लोकांना ती भित्री वाटायची. वसईला घराभोवतीच्या भाजीपाल्याच्या बागेला वाडी म्हणतात. तिचं बालपण वडिलांच्या वाडीत गेलं होतं. वडील गेल्यावर भावांनी वाडी बिल्डरला दिली, विहीर बुजली आणि तिथे इमारत उभी राहिली. तुला घरातलं काय हवं, असं भावांनी विचारलं तेव्हा तिने वांग्याचं बी मागितलं. तिचे भाऊ हसले म्हणे.

ते त्यांच्या वाडीचंच वांगं. लांबट, पोपटी, देठाजवळ जांभळट रेघा. वडिलांनी आणि त्यांच्याही आधीच्यांनी दर वर्षी बी धरून ते चालवत आणलेलं. आता ते दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं, तिने गावात विचारून बघितलं होतं. अल सद्दच्या बाल्कनीत तिने कुंड्यांमध्ये लावून पाहिलं, पण फुलं गळून गेली. बी जुनं होत चाललं होतं, आणखी एक वर्ष थांबलं तर उगवणारच नाही, म्हणून या हिवाळ्यात होतं नव्हतं ते सगळं तिने मळ्यात पेरलं. बरंचसं उगवलं नाही. जी थोडी झाडं जगली त्यातल्या दोनच झाडांना धड वांगी धरली.

"खायला एकपण तोडणार नाही," ती मला म्हणाली. "पिवळी होऊन मऊ पडेपर्यंत झाडावरच ठेवणार. बी हातात आलं की मग मी मोकळी."

तिने बँडेजची पट्टी फाडली आणि दोन्ही झाडांवरच्या निवडक वांग्यांच्या देठांना बांधली. बियाण्यासाठी राखलेल्या फळाला आमच्याकडेही अशीच चिंधी बांधतात. ती दिसली की घरातलं लहान पोरदेखील त्या फळाला हात लावत नाही. एवढ्या सगळ्या मळ्यात ज्याच्यासाठी पाणी खरंच हवं होतं असं तेवढंच होतं. ती दोन झाडं.

शेजपाळीप्रमाणे शुक्रवारचं पहिलं पाणी सिस्टरचं, अगदी सकाळी. नेमकी तेव्हाच तिची नाइट ड्युटी संपायची. टॅक्सी करून ती मळ्यावर पोचेपर्यंत पाणी पुढे निघून गेलेलं असायचं. झाडांची पानं मलूल दिसायला लागली तेव्हा मी म्हटलं, तुझी पाळी मी धरते. त्यात काय एवढं? माझा वाफा शेजारीच, मी खोरं घेऊन उभीच असायचे. पुढच्या शुक्रवारी मी तिचं दार उघडलं आणि पाणी सरीत शिरतं न शिरतं तोच साहेब पाटाच्या कडेने आले, पांढरे बूट सांभाळत.

"वहिनी, हे नियमात बसत नाही."

"काय बसत नाही?"

"पाळी ट्रान्सफर होत नाही. लाभधारक स्वतः हजर हवा. गैरहजर राहिला की पाळी बुडाली, आणि ते पाणी पुढच्याला."

"लाभधारक रात्रभर पेशंटचं करून टॅक्सीने येतेय. तोवर मी पाणी धरलं तर कुणाच्या पोटात दुखतंय?"

"पोटाचा प्रश्न नाही. आज तुम्ही सिस्टरचं धरलंत, उद्या कुणीही कुणाचं धरेल. सिस्टीम कोलॅप्स होईल."

आणि त्यांनी बुटानेच वाळू लोटून सिस्टरचं दार बंद केलं. माझा नवरा मध्ये पडेल असं मला वाटलं होतं. तो पाठ करून मुळ्याची पिवळी पानं खुडत होता. मी साहेबांना काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण त्यानंतर त्यांच्या बायकोने मला ग्रुपवर गुड मॉर्निंग पाठवणं बंद केलं. हा माझा एकमेव फायदा.

मग अल गराफाच्या व्हिलात मीटिंग भरली. साबुदाण्याची खिचडी होती, भिंतीवर प्रोजेक्टरने पाटाचा नकाशा लावला होता आणि साहेबांच्या हातात लाल ठिपक्याचा पॉइंटर होता. सिस्टर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. ती एवढंच म्हणाली, "माझी पाळी सगळ्यांच्या शेवटी द्या. उरेल ते द्या, चालेल मला."

"मग ती शेजपाळी राहणार नाही ना सिस्टर," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "पहिलं पाणी हा तुमचा हक्क आहे. तो आम्ही कसा काढून घेणार?"

मी भाऊंकडे बघितलं. आदल्याच आठवड्यात हेच भाऊ मला म्हणाले होते, "आमच्याकडं बाईमाणूस असलं तर शेजारीच धरतो की तिचं पाणी. त्यात काय विचारायचं?" आता ते खिचडीतले दाणे वेचून खात होते. हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांनी साहेबांच्या बाजूने केला. कारण मला जिन्यात कळलं. त्यांचा आणि साहेबांचा बांधाचा वाद त्याच सकाळी मिटला होता. साहेबांनी बांध सोडला आणि भाऊंनी सिस्टरला सोडलं. बाकीचे एकेक करून मला गाडीपाशी भेटले आणि हळूच म्हणाले, तुमचं बरोबर आहे हो वहिनी. आतमध्ये त्यांच्या तोंडात खिचडी होती बहुतेक. मला आजही त्यांची किळस येते.

 पुढच्या शुक्रवारपासून सिस्टर घरून प्यायच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन यायला लागली. आदल्या दिवशी त्या आमच्या डिकीत ठेवायची, मळ्यावर पोचली की एकेक बाटली उचलून झाडांच्या बुंध्याशी ओतायची. झाडं पुन्हा तरतरली. यावर गप्प बसतील तर ती आमची माणसं कसली? संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला : बाहेरून पाणी आणणं समितीच्या धोरणात बसतं का, यावर सदस्यांनी मत मांडावं. आणि सदस्यांनी मत मांडलं! एकाने तर बाटलीतलं पाणी गोडं असल्यामुळे एका वाफ्याला अनफेअर अॅडव्हान्टेज मिळतो असं लिहिलं. तो माणूस एका मोठ्या कंपनीत सेफ्टी बघतो.

हे किती दिवस चाललं असतं कुणास ठाऊक, पण एका शुक्रवारी अरबाबने सिस्टरला बाटल्या वाहताना बघितलं. काठी टेकत तो पाटापाशी आला आणि साहेबांना विचारलं, "ये सिस्टर बाहर से पानी क्यों लाता?"

साहेबांनी त्याला इंग्रजीत शेजपाळी समजावली. हेड दाखवलं, टेल दाखवली, हजर आणि गैरहजर यातला फरक सांगितला. अरबाबने सगळं ऐकून घेतलं.

"पानी किसका?" त्याने विचारलं.

साहेब म्हणाले, "युवर्स, सर."

"नेक्स्ट फ्रायडे इसका पानी नहीं, तो सबका पानी खलास." एवढं बोलून तो परत खुर्चीकडे गेला.

त्या संध्याकाळपासून साहेबांना सिस्टरबद्दल एकदम कळवळा आला. ग्रुपवर त्यांनी लिहिलं की आपण सगळे एक कुटुंब आहोत, गैरसमज झाले असतील तर विसरून जाऊ. येत्या शुक्रवारी मळ्यावर सगळ्यांनी एकत्र जेवायचं, सिस्टर आपल्या खास पाहुण्या. मधल्या दिवसांत ते रजा काढून बायकोला घेऊन मळ्यावर जाऊन आले आणि सिस्टरच्या वाफ्याला स्वतः पाणी दिलं, तण काढलं, वाफा साफ केला. तसा फोटोही टाकला. त्यात साहेब आणि खोरं एवढंच दिसत होतं. सिस्टरने खाली हात जोडलेलं चित्र टाकलं.

त्या शुक्रवारी तिला सुट्टी होती, त्यामुळे ती सकाळीच आमच्या गाडीतून निघाली. इतकी बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "आता थोडेच दिवस," ती म्हणाली. "रंग बदलायला लागलाय. बी निघालं की निम्मं मी तुला देणार, निम्मं मी ठेवणार. एकाच्या हातात सगळं ठेवू नये." माझ्या नवऱ्यालाही तिने बी वाळवायचं कसं ते सांगितलं. तो मान हलवत होता.

पोचल्यावर वाफ्याकडे जायला त्यांनी तिला सवडच दिली नाही. आधी पान, मग मळा, असं म्हणत साहेबांच्या बायकोने हाताला धरून तिला खजुरीखालच्या सतरंजीवर बसवलं. ज्वारीच्या भाकऱ्या होत्या, ठेचा होता, ताक होतं. मधोमध झाकलेलं पातेलं होतं. त्याचं झाकण साहेबांच्या बायकोने स्वतः काढलं.

"ओळखा काय आहे! भरीत. तुमच्याच वाफ्यातल्या वांग्यांचं, सिस्टर. साहेबांनी स्वतःच्या हाताने तोडली. अहो, जून व्हायला आली होती, अजून आठवडा राहिली असती तर फुकट गेली असती. बिया जरा जास्त निघाल्या, पण भाजल्यावर चव काय आलीय!"

"आणि त्या नजरेच्या पट्ट्याही काढून टाकल्या हं," साहेब हसत म्हणाले. "आपल्यात आता कुणी कुणाला नजर लावणार नाही."

सगळे हसले. घरची द्राक्षबाग असलेले भाऊ सगळ्यात मोठ्याने हसले.

मी मान वळवून शेवटच्या वाफ्याकडे पाहिलं. सऱ्या काठोकाठ भरल्या होत्या, झाडं हिरवीगार होती आणि त्यांच्यावर एकही वांगं नव्हतं. ऊन चांगलंच तापायला लागलं होतं, आता नवं फूल टिकणार नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं. सिस्टरने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला, पेशंटला धरावं तसा. मग तिने भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर भरीत घेतलं आणि खाल्लं. बराच वेळ ती तो एक घास चावत होती.

"छान झालंय," ती म्हणाली.

"घ्या ना अजून," साहेबांची बायको म्हणाली.

तिने घेतलं. मग पातेलं स्वतःकडे ओढलं आणि डाव हातात घेऊन सगळ्यांच्या ताटात वाढायला लागली. साहेबांना, भाऊंना, सेफ्टीवाल्याला, माझ्या नवऱ्याला. "घ्या, सगळ्यांनी घ्या," ती म्हणत होती. "शिल्लक ठेवू नका काही." माझ्या ताटाशी आली तेव्हा मी हात आडवा धरला. "तू तर घेच," ती हळूच म्हणाली, आणि माझ्या हाताखालून वाढलं. मी खाल्लं. आमच्या माणसांचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता, आणि तो अजूनही गेलेला नाही.

साहेबांनी दोनदा मागून घेतलं. "काय गावरान चव आहे!" बोटं चाटत ते म्हणाले. "पुढच्या वर्षी जास्त लावा सिस्टर. पहिली पाळी तुमचीच."

सिस्टर पातेल्याच्या तळाचं खरवडत होती.

"इन्शाल्ला," ती म्हणाली.